वाफेच्या वाटेने न घडलेला इतिहास

स्टीमपंक ही विज्ञानकथेची एक शाखा. तिच्यातल्या गोष्टी बहुधा एकोणिसाव्या शतकात किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडतात. त्या काळातली वाफेची इंजिने, दंतचक्रे, किल्लीवर चालणारी यंत्रे आणि वायूच्या बळावर तरंगणारी एअरशिप प्रत्यक्षात जिथवर पोचली, त्याच्या कितीतरी पुढे ती या गोष्टींत गेलेली असतात. कोळशावर चालणारे गणकयंत्र, दोन पायांवर चालणारा रणगाडा, ढगांत तरंगणारी मुलींची शाळा या इथल्या नेहमीच्या गोष्टी. ऐतिहासिक कादंबरी घडून गेलेल्या काळात शिरते, विज्ञानकथा सहसा येणाऱ्या काळाकडे पाहते. स्टीमपंक भूतकाळातच एक वेगळा फाटा काढते आणि त्या वाटेने कुठवर जाता येते ते पाहते.

गेल्या पंचवीस वर्षांत या शाखेतले काही उत्तम लेखन कुमार वाचकांसाठी, म्हणजे साधारण बारा ते अठरा या वयासाठी झाले. फिलिप रीव्ह, केनेथ ओपल, स्कॉट वेस्टरफेल्ड आणि गेल कॅरिजर ही त्यातली ठळक नावे. या लेखकांची यंत्रे काल्पनिक आहेत, पण त्या यंत्रांभोवतीचे प्रश्न खऱ्या इतिहासातून उचललेले आहेत. या कादंबऱ्यांची गोडी तिथेच आहे.

उगम

या शाखेचे पूर्वज दोन. फ्रान्सचे ज्यूल व्हर्न आणि इंग्लंडचे एच. जी. वेल्स. व्हर्न यांच्या समुद्रप्रवासाच्या कादंबरीतली नॉटिलस ही पाणबुडी १८६९-७० साली वाचकांसमोर आली. वेल्स यांचे कालयंत्र १८९५ साली आले. दोघेही आपापल्या वर्तमानातून पुढे पाहत होते, त्यामुळे त्यांनी लिहिली ती विज्ञानकथा. शंभर वर्षांनंतरचे लेखक त्याच यंत्रांकडे मागे वळून पाहू लागले, तेव्हा त्यातून स्टीमपंक तयार झाले.

ही सुरुवात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये झाली. के. डब्ल्यू. जेटर, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे लेखक मित्र १९७९ पासूनच्या दशकात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनवर अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहीत होते. त्या शहरातल्या फेरीवाल्यांचे, मजुरांचे आणि भिकाऱ्यांचे जीवन त्यांना हेन्री मेह्यू या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकात केलेल्या नोंदींतून सापडले. १९८७ साली 'लोकस' या विज्ञानकथेला वाहिलेल्या मासिकात जेटर यांचे पत्र छापून आले. त्यात त्यांनी या लेखनासाठी 'स्टीमपंक' हे नाव सुचवले. त्या वेळी संगणकांच्या अंधाऱ्या भविष्यावरचे 'सायबरपंक' जोरात होते, त्याच्याच धर्तीवर हे नाव बेतलेले होते.

१९९० साली विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची 'द डिफरन्स इंजिन' आली आणि या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळाला. तिचा पाया एका खऱ्या अपयशात आहे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८२०च्या दशकात गणिती कोष्टके आपोआप तयार करणारे 'डिफरन्स इंजिन' हे दंतचक्रांचे यंत्र बांधायला घेतले. ब्रिटिश सरकारने त्यावर सुमारे १७ हजार पौंड खर्च केले आणि १८४२ साली हात आखडता घेतला. यंत्र पुरे झाले नाही. दरम्यान बॅबेज यांनी ॲनालिटिकल इंजिन या आणखी मोठ्या यंत्राची कल्पना मांडली. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून त्याला सूचना द्यायच्या होत्या. ॲडा लव्हलेस यांनी १८४३ साली त्यावर लिहिलेली टिपणे आजही संगणकाच्या इतिहासात मानाने सांगितली जातात. हे यंत्र खरोखरच बनले असते तर? गिब्सन आणि स्टर्लिंग यांची कादंबरी या प्रश्नातून उभी राहते. हा प्रश्न पोकळ नाही. बॅबेज यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९९१ साली, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्याच आराखड्यांवरून दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणनेचा भाग बांधला. भाग घडवताना एकोणिसाव्या शतकात साधता आला असता तेवढाच काटेकोरपणा ठेवला. चार हजारांच्या आसपास भागांचे ते यंत्र चालले आणि त्याची उत्तरे अचूक आली.

कुमार वाचक आणि वाफेचे युग

कुमारसाहित्यात पर्यायी इतिहासाची वाट आधीपासून होती. जोन एकन यांनी १९६२ साली 'द वुल्व्ह्ज ऑफ विलोबी चेस' मध्ये असे इंग्लंड रंगवले, जिथे स्टुअर्ट घराण्याचा तिसरा जेम्स गादीवर आहे आणि इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून युरोपातले लांडगे देशात शिरले आहेत. फिलिप पुलमन यांच्या १९९५ मधल्या 'नॉर्दर्न लाइट्स'मध्ये ऑक्सफर्ड आहे, पण आपल्या ओळखीचे नाही. तिथे आकाशात झेपेलिन फिरतात आणि माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्या सोबत वावरतो. या पुस्तकाला ब्रिटनमधला कार्नेगी पुरस्कार मिळाला. काटेकोर अर्थाने ही पुस्तके स्टीमपंक नाहीत, पण पुढच्या लेखकांना वाचक तयार मिळाला तो यांच्यामुळे.

वाफेचे युग कुमार वाचकांना भावते याची दोन कारणे आहेत. पहिले यंत्राच्या स्वरूपात आहे. मोबाइल उघडून पाहिला तरी तो कसा चालतो ते डोळ्यांना दिसत नाही. वाफेच्या इंजिनात ते दिसते. पाणी तापते, वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांडा हलवतो आणि चाक फिरते. चौदा वर्षांच्या नायकाने बिघडलेले इंजिन दुरुस्त केले तर वाचकाला ते पटते, कारण त्याने काय केले हे त्यालाही कळलेले असते.

दुसरे कारण इतिहासातच आहे. आजच्या काळातल्या कथेत पंधरा वर्षांच्या मुलाला युद्धनौकेवर न्यायचे तर लेखकाला बरीच कसरत करावी लागते. त्या काळात ब्रिटिश नौदलात बारा-तेरा वर्षांची मुले शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल होत. कापडगिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत मुलेही राबत. ब्रिटनमध्ये १८३३च्या कायद्याने गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, म्हणजे नवव्या वर्षानंतर काम हे गृहीतच होते. मुलींना मात्र यातल्या मानाच्या जागा बंद होत्या. म्हणून या कादंबऱ्यांतल्या नायिका कधी मुलाचा वेश घेतात, कधी शिष्टाचाराच्या आडून आपले काम साधतात.

फिलिप रीव्ह: चालती शहरे

ब्रायटनला जन्मलेल्या फिलिप रीव्ह यांची 'मॉर्टल इंजिन्स' २००१ साली आली. तिचा काळ दूरच्या भविष्यातला आहे. साठ मिनिटांच्या एका महायुद्धात जुने जग संपले आहे आणि त्यानंतर शहरे प्रचंड पट्ट्यांवर चढून चालू लागली आहेत. मोठे शहर छोट्याचा पाठलाग करते, जबड्यात धरते आणि त्याचे लोखंड, लाकूड, इंधन नि माणसे गिळते. कादंबरीच्या सुरुवातीला लंडन शहर कोरड्या पडलेल्या उत्तर समुद्राच्या तळावरून एका खाणगावामागे धावत असते.

भविष्यातली असूनही ही कादंबरी इतिहासाविषयीच आहे. तिचा नायक टॉम हा इतिहासकारांच्या संघातला शिकाऊ उमेदवार. तो काम करतो त्या संग्रहालयात मिकी माऊस आणि प्लूटो यांचे प्लास्टिकचे पुतळे ठेवलेले आहेत, आणि हरवलेल्या अमेरिकेचे प्राणिमुखी देव म्हणून लोक त्यांच्याकडे पाहतात. एवढ्या एका तपशिलातून रीव्ह कुमार वाचकाच्या मनात मोलाची शंका पेरतात: आपण आज संग्रहालयात ज्या मूर्तींखालच्या पाट्या वाचतो, त्या तरी कितपत बरोबर असतील? शहरांनी एकमेकांना गिळण्याचे समर्थन टॉमच्या जगात निसर्गनियम म्हणून केले जाते. साम्राज्ये आपल्या विस्ताराचे समर्थन अशाच भाषेत करत आली आहेत, हे वाचकाला हळूहळू उमगते. चार भागांच्या या मालिकेतल्या शेवटच्या 'अ डार्कलिंग प्लेन'ला २००६ साली गार्डियनचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पहिल्या भागावरचा चित्रपट २०१८ मध्ये आला. त्याचे एक निर्माते पीटर जॅक्सन होते.

रीव्ह यांची 'लार्कलाइट' (२००६) लहान वयाच्या वाचकांसाठी आहे. तिच्यात न्यूटनच्या काळातच अंतराळप्रवास सुरू झाला आहे, त्यामुळे १८५१ साली ब्रिटिश साम्राज्य ग्रहांवर पसरलेले आहे. आर्ट मंबी हा मुलगा आणि त्याची बहीण मर्टल चंद्राच्या पलीकडे तरंगणाऱ्या जुनाट घरात राहतात. डेव्हिड वायट यांची चित्रे पुस्तकाला जुन्या सचित्र मासिकांचा थाट देतात.

केनेथ ओपल: आंब्याच्या वासाचा वायू

कॅनडाच्या केनेथ ओपल यांच्या 'एअरबॉर्न' (२००४) मधल्या जगात विमानाचा शोधच लागलेला नाही. महासागर ओलांडायचा तर एअरशिपने. प्रत्यक्षात झेपेलिनचे पहिले उड्डाण १९०० साली जर्मनीत झाले, आणि ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट इथे 'हिंडेनबर्ग' पेटून ३६ माणसे गेली, तेव्हा प्रवासी एअरशिपचे युग संपले. ज्वालाग्राही हायड्रोजन हे त्यामागचे मोठे कारण. ओपल यांनी नेमका हाच एक दुवा बदलला. त्यांच्या एअरशिपमध्ये 'हायड्रियम' हा काल्पनिक वायू भरतात. तो हायड्रोजनपेक्षाही हलका आहे आणि त्याला आंब्याचा वास येतो. कुठे गळती झाली तर खलाशांना ती वासावरून कळते. एक गोष्ट बदलायची आणि तिचे परिणाम नीट तपासायचे, ही या शाखेतली शिस्त इथे उत्तम पाळलेली दिसते.

नायक मॅट क्रूझ 'ऑरोरा' या एअरशिपवर केबिन बॉय आहे. त्याला वरचा हुद्दा हवा आहे, पण तो गरीब घरचा आहे आणि हुद्दे पैसेवाल्यांच्या मुलांना मिळतात. त्याला भेटणारी केट डी व्ह्रीस श्रीमंत आहे, पण मुलगी असल्यामुळे तिचे शास्त्रीय संशोधन कोणी मनावर घेत नाही. चाचे, वादळ आणि निर्जन बेट असा साहसकथेचा सगळा मसाला आहे, तरी कथेला वेग येतो तो या दोघांच्या अडवल्या गेलेल्या महत्त्वाकांक्षांमुळे. या पुस्तकाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. 'स्कायब्रेकर' आणि 'स्टारक्लाइंबर' हे पुढचे दोन भाग.

स्कॉट वेस्टरफेल्ड: १९१४ चे दुसरे रूप

इतिहास आणि कल्पना यांची सर्वांत घट्ट वीण वेस्टरफेल्ड यांच्या 'लेव्हायथन' (२००९), 'बेहेमथ' (२०१०) आणि 'गोलायथ' (२०११) या तीन कादंबऱ्यांत सापडते. वर्ष १९१४, पहिले महायुद्ध तोंडावर. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याकडे पायांवर चालणारी अवाढव्य यंत्रे आहेत. त्या पक्षाला 'क्लँकर' म्हणतात. ब्रिटन आणि त्याची मित्रराष्ट्रे 'डार्विनिस्ट'. त्यांच्या जगात डार्विनने सजीवांच्या पेशीतले जीवनसूत्रच उलगडले आहे, त्यामुळे तिथे यंत्रांऐवजी नवे प्राणी घडवतात. 'लेव्हायथन' ही देवमाशाच्या देहावर बेतलेली जिवंत एअरशिप. तिच्यावर निरोप पोचवणाऱ्या पाली आहेत, आणि अशी वटवाघळे आहेत की ज्यांना पोलादी अणकुचीदार तुकडे खाऊ घालतात. शत्रूच्या डोक्यावर पोचल्यावर लाल प्रकाशझोत टाकला की ती घाबरतात आणि पोटातले तुकडे खाली टाकतात.

कथा दोघांच्या नजरेतून आलटून पालटून चालते. ॲलेक हा ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड यांचा काल्पनिक मुलगा. आईवडिलांची साराएव्होत हत्या झाल्यावर तो रात्रीच दोन पायांच्या युद्धयंत्रातून पळ काढतो. डेरिन शार्प ही स्कॉटिश मुलगी मुलाचे नाव घेऊन ब्रिटिश हवाई दलात शिरली आहे. एका नजरेला यंत्र नैसर्गिक वाटते आणि प्राणी किळसवाणा, दुसरीला नेमके उलटे. वाचकाला दोन्ही घरांत राहावे लागते, त्यामुळे शत्रू ही कल्पनाच डळमळू लागते.

वेस्टरफेल्ड खरा इतिहास कसा वापरतात ते दुसऱ्या भागात स्पष्ट दिसते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी तुर्कस्तानसाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या दोन युद्धनौका ताब्यात घेतल्या. त्यातल्या एकीचे नाव 'सुलतान उस्मान'. तुर्कस्तानात संताप उसळला. त्याच सुमारास 'गोबेन' आणि 'ब्रेस्लाऊ' या जर्मन नौका ब्रिटिशांना चकवून इस्तंबूलला पोचल्या, आणि वर्ष संपायच्या आत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. कादंबरीत या नौकांचे सगळे प्रकरण आहे. फक्त 'उस्मान' नौकेच्या जोडीला एक राक्षसी समुद्रजीवही आहे. ॲलेक आणि डेरिन इस्तंबूलमध्ये जे करतात त्यावर तुर्कस्तान कोणाकडे झुकणार हे ठरते. तिसऱ्या भागात संशोधक निकोला टेस्ला येतात. त्यांच्या विनाशक यंत्रामागे १९०८ सालचा सायबेरियातला तुंगुस्का स्फोट आणि टेस्ला यांनी न्यूयॉर्कजवळ उभारलेला खरा मनोरा आहे. डार्विनची नात नोरा बार्लो ही खरीखुरी शास्त्रज्ञही मालिकेत महत्त्वाचे पात्र आहे. कीथ थॉम्पसन यांच्या रेखाचित्रांमुळे प्रत्येक यंत्र आणि प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. पुस्तकाच्या शेवटी लेखक कुठे इतिहास संपला आणि कुठे कल्पना सुरू झाली ते स्वतःच सांगतात. कुमार वाचकाबद्दलचा हा आदर दाद देण्याजोगा आहे.

गेल कॅरिजर आणि कॅसांड्रा क्लेअर

पुरातत्त्वशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या गेल कॅरिजर यांच्या 'एटिकेट अँड एस्पिओनाज' (२०१३) पासून सुरू होणाऱ्या चार कादंबऱ्याही 'लार्कलाइट'प्रमाणे १८५१ मध्येच सुरू होतात. लंडनच्या हाइड पार्कमधले काचेच्या महालातले जागतिक औद्योगिक प्रदर्शन याच वर्षीचे, त्यामुळे या लेखकांना हे साल खुणावते यात नवल नाही. चौदा वर्षांच्या सोफ्रोनियाला सभ्य वळण लागावे म्हणून शाळेत पाठवतात. ती शाळा डार्टमूरच्या माळावर आकाशात तरंगते आणि तिथे मुजरा कसा करावा याबरोबरच हेरगिरी आणि विषप्रयोगही शिकवतात. सोफ्रोनियाजवळ कोळसा खाणारा यांत्रिक कुत्रा आहे. तिची खरी मैत्री मात्र शाळेच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या मुलांशी होते. वरच्या मजल्यावरचे चहापान खालच्या काजळीवर चालते, हे कॅरिजर भाषण न देता दाखवतात.

कॅसांड्रा क्लेअर यांची 'क्लॉकवर्क एंजल' (२०१०) पासूनची तीन पुस्तके १८७८ च्या लंडनमध्ये घडतात. जादू आणि प्रेमकथा यांना त्यात जास्त जागा आहे. किल्लीच्या यांत्रिक माणसांचे सैन्य हा त्यांचा स्टीमपंकशी असलेला धागा.

पितळेची झळाळी आणि तिची किंमत

या शाखेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. गॉगल, पितळी नळ्या आणि उंच टोप्या यांच्या झगमगाटात वसाहतींची लूट, गुलामी आणि गिरण्यांमधले हाल लपून जातात, हा तो आक्षेप. तो खोटा नाही. पण त्याला उत्तर देणारे लेखनही याच शाखेतून आले. निसी शॉल यांच्या 'एव्हरफेअर' (२०१६) मध्ये बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या जुलमाखालचा काँगो आहे आणि वाफेचे तंत्रज्ञान तिथल्या लोकांच्या हाती आले आहे. पी. जेली क्लार्क यांच्या 'अ मास्टर ऑफ जिन' (२०२१) मधले १९१२ चे कैरो वसाहतवाद्यांना हाकलून जगातले एक बलाढ्य शहर झाले आहे. ही दोन्ही पुस्तके प्रौढांसाठी असली तरी अकरावी-बारावीच्या वाचकांना झेपणारी आहेत.

भारताचा या शाखेशी संबंध थेट व्हर्न यांच्यापासून आहे. नॉटिलसचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडातला राजपुत्र डक्कर असून तो १८५७ च्या उठावात लढला होता, हे 'द मिस्टीरियस आयलंड' मध्ये उघड होते. १८८० मधल्या 'द स्टीम हाऊस' मध्ये तर हत्तीच्या आकाराचे वाफेचे इंजिन दोन फिरती घरे ओढत कलकत्त्याहून उत्तर भारतात निघते, आणि कथेतला खलनायक आहे नानासाहेब पेशवे. व्हर्न भारतात कधी आले नव्हते. हे चित्र युरोपच्या नजरेतले आहे. मराठी वाचकाने ते वाचताना नेमके हेच लक्षात ठेवायला हवे. मराठीत व्हर्न यांना कुमार वाचकांच्या घरात आणण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवत यांचे. कथांबाहेर, खऱ्या इतिहासातही मुंबईच्या अर्देसर कर्सेटजी वाडिया यांनी १८३०च्या दशकात वाफेची बोट बांधली, आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला आणि १८४१ साली रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य होण्याचा मान मिळवला. वाफेच्या युगाचा इतिहास इंग्रजांपुरता नव्हता, याचा हा पक्का पुरावा आहे.

वाचनाचा क्रम

दहा-अकरा वर्षांच्या वाचकाने 'लार्कलाइट'पासून सुरुवात करावी. बाराव्या-तेराव्या वर्षी 'एअरबॉर्न' आणि 'लेव्हायथन' सहज वाचता येतात. विनोद आवडणाऱ्यांना कॅरिजर जवळच्या वाटतील. 'मॉर्टल इंजिन्स' मालिकेत मृत्यू आणि क्रौर्य बरेच आहे, ती थोडी उशिरा घ्यावी. मालिका क्रमानेच वाचाव्यात, कारण पात्रे भागागणिक बदलत जातात.

वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवले तर आनंद वाढतो. खऱ्या इतिहासातली नेमकी कोणती गोष्ट लेखकाने बदलली? त्या बदलाचे परिणाम त्याने शेवटपर्यंत पाळले का? आणि हे सुंदर यंत्र चालवण्यासाठी भट्टीजवळ कोण उभे आहे? शेजारी पहिल्या महायुद्धाचा किंवा औद्योगिक क्रांतीचा साधा इतिहास उघडून ठेवला तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते. शाळेच्या पुस्तकात युद्धे आणि तह अटळ असल्यासारखे ओळीने येतात. या कादंबऱ्या वाचलेल्या मुलाला त्या प्रत्येक वळणावर माणसांनी निवड केली होती हे दिसू लागते. इतिहास शिकण्यासाठी याहून चांगली तयारी क्वचितच मिळेल.